लॉगिन अडकलं की लगेच फॉरमॅट न सांगणारं दुकान, कॅनडा कॉर्नर, नाशिक

नवीन नवीन लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टिम) टाकलंय आणि लॉगिनच होत नाहीये असं असेल तर बिनधास्त इथे या. बाहेरून प्रिंटर रिफिलिंगचं दुकान वाटतं, बोर्डावर लिनक्सचं नावही नाही, पण आत जे दादा बसतात त्यांना ते खरंच येतं, नुसतं "ठेवून जा, होऊन जाईल" वालं काम नाही.

लॅपटॉप पप्पांचा. जुना आय३, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इतक्या जुन्या प्रोसेसरला विंडोज ११ घेत नाही, मग दिवाळीत भाचा आला होता त्याने विंडोज तसंच ठेवून बाजूला लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलं आणि गेला पुण्याला. थोडे दिवस मस्त चाललं, जुन्या विंडोजपेक्षा फास्टच. मग एकदम हे सुरू झालं की पासवर्ड टाकायचा, एंटर मारायचं, स्क्रीन क्षणभर काळी आणि परत तीच लॉगिनची चौकट, एरर नाही काही नाही. भाच्याची परीक्षा चालू. आधी दुसरीकडे दाखवला (नाव घेत नाही), त्यांनी नीट उघडूनही न बघता फॉरमॅट सांगितलं, वर "लिनक्स कशाला टाकलं काका" हे ऐकवलं ते वेगळंच.

इथे दादांनी चार्जर लावायच्या आधी एकच विचारलं, "पासवर्ड चुकीचा म्हणतोय, की पासवर्ड घेतोय आणि मागे फेकतोय?" माझ्या मते दुकानदार ओळखायचा तो इथेच, कारण हे दोन साफ वेगळे प्रॉब्लेम आहेत. चुकीचा म्हणत असेल तर बहुतेक वेळा भानगड कीबोर्डची असते. कॅप्स लॉक, किंवा नम लॉक बंद म्हणून बाजूचे आकडे उमटतच नाहीत (वरच्या ओळीतले आकडे मारून बघा), नाहीतर मराठी टायपिंगसाठी लेआउट टाकलेला असतो आणि लॉगिनला नेमका तोच चालू राहतो. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे आत देवनागरी चाललंय हे कळणार कसं? लॉगिन स्क्रीनवर कोपऱ्यात लेआउट दिसतो तो आधी बघायचा म्हणे. आणि युजरनेम म्हणून रूट (सगळे अधिकार असलेलं मुख्य खातं) टाकून बसू नका, मिंट आणि उबुंटूत (हाही लिनक्सचाच प्रकार) त्या खात्याला मुळात पासवर्डच दिलेला नसतो.

आमचं दुसऱ्या प्रकारातलं. दादांनी लॉगिन स्क्रीनवरच कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबलं (काही लॅपटॉपला सोबत एफएन पण दाबावं लागतं), काळी स्क्रीन आली, तिथे नाव आणि पासवर्ड टाकला. टाकताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, पप्पा मागून "अहो टाइपच होत नाहीये" करत होते, पण आत गेला. म्हणजे पासवर्ड बरोबर, खातं ठीक, अडतंय ते फक्त डेस्कटॉप उघडताना. मग डिस्कची जागा बघायची कमांड मारली आणि समोर १००% भरलेली! लॉगिन होताना सिस्टिमला होम फोल्डरमध्ये (आपल्या फाइली असतात ते फोल्डर) एक छोटीशी फाइल लिहावी लागते, जागाच नसेल तर ती लिहिता येत नाही आणि तुम्ही परत बाहेर.

भरली कशाने तर टाइमशिफ्टने, म्हणजे मिंटमधल्या बॅकअपच्या प्रोग्रामने. मिंट टाकल्यावर सुरुवातीलाच सिस्टिमचे स्नॅपशॉट (काही बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून ठेवलेल्या कॉपी) चालू करा असं सुचवतं, भाच्याने शहाण्यासारखे रोजचे चालू केले, पण लिनक्सला पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) दिलेलं २५ जीबी. मिंटवाले स्वतः कमीत कमी २० आणि शक्यतो १०० जीबी सांगतात. पहिला स्नॅपशॉट म्हणजे जवळपास अख्ख्या सिस्टिमची कॉपी, ती त्याच पार्टिशनवर, मग उरणार काय? विंडोजच्या डी ड्राइव्हला ढीगभर जागा होती पण तो एनटीएफएस (विंडोजची फाइली ठेवायची पद्धत), टाइमशिफ्टला लिनक्सवालं पार्टिशनच लागतं.

दादांनी त्या काळ्या स्क्रीनवरूनच जुने स्नॅपशॉट उडवले, कंट्रोल ऑल्ट एफ७ करून परत आले, पासवर्ड टाकला आणि डेस्कटॉप उघडला, पप्पांचे सोसायटीचे हिशोब, फोटो सगळं जागच्या जागी. नंतर आमच्याच हार्ड डिस्कवर बॅकअप घेऊन, पेनड्राइव्हवरून चालू करून विंडोजची जागा कमी केली आणि लिनक्सची ६० जीबी केली. या वाढीव कामाचे पैसे आधी सांगितले, हे आवडलं.

अजून एक गोष्ट चांगली वाटली. शेजारी एक मुलगा पासवर्ड विसरलाय म्हणून आला होता, तर त्याला आधी विचारलं की इन्स्टॉल करताना होम फोल्डर एन्क्रिप्ट (पासवर्डने कुलूपबंद) केलंय का. केलं असेल तर रिकव्हरी मोडमधून (दुरुस्तीसाठी सिस्टिम चालू करायची पद्धत) पासवर्ड बदलला तरी फाइली जुन्या पासवर्डशिवाय उघडत नाहीत, तेव्हा घाई करू नको म्हणाले. त्याने केलेलं नव्हतं, तर ग्रब मेनूतून (लॅपटॉप चालू होताना सिस्टिम निवडायची यादी) रिकव्हरी मोडमध्ये जाऊन चहा यायच्या आत बदलून दिला. हे बघून मला जरा धडकीच भरली, म्हणजे लॅपटॉप कोणाच्याही हातात पडला तर लॉगिन पासवर्डचा तसा उपयोग शून्य की! ज्यांच्या लॅपटॉपमध्ये ऑफिसचं काही असतं त्यांनी इन्स्टॉल करतानाच पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करून घ्या.

आता एक स्टार का कापला. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितलं तर चिठ्ठीवर "लॅपटॉप सर्व्हिस" एवढंच. काय केलं ते तोंडी सांगतात आणि फार भराभर, मी मोबाइलमध्ये टिपून घेतलं म्हणून वर लिहिता आलं. एसएसडी (जास्त फास्ट डिस्क) टाकायचा आग्रह सारखा चालू असतो, चुकीचा नाहीये तो, पण एकदा नाही म्हटल्यावर थांबावं ना. फोन लागला तर नशीब. आणि संध्याकाळी चारचाकी अजिबात नेऊ नका, गाडी लांब लावून चालतच यावं लागतं. चार्जर सोबत न्या, बॅकअपला हार्ड डिस्क पण आपलीच लागते.