एफटी-८५७डीसाठी स्वस्त कॅट केबल: काही महिन्यांच्या वापरानंतर

एफटी-८५७डी हा यायेसू कंपनीचा हौशी रेडिओ संच (रिग) संगणकावरून चालवायला कॅट केबल लागते. यायेसूची मूळ सीटी-६२ केबल सीरियल पोर्टची असल्यामुळे तिला वेगळा यूएसबी अडॅप्टर लागतो. तो खर्च टाळण्यासाठी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून थेट यूएसबीची स्वस्त केबल घेतली. सुरुवातीला तिच्याविषयी तक्रार नव्हती. डब्ल्यूएसजेटी-एक्स या डिजिटल संपर्काच्या प्रोग्रॅममध्ये बँड निवडताच रिग १४.०७४ मेगाहर्ट्झवर जाई आणि संपर्कांच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) फ्रीक्वेन्सी आपोआप नोंदली जाई.

विंडोज अद्ययावत झाल्यावर मात्र डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड १०’ (उपकरण सुरू होत नसल्याची त्रुटी) दिसू लागला. केबलमध्ये प्रॉलिफिकची जुन्या पिढीतील पीएल२३०३ चिप होती आणि नवा ड्रायव्हर ती चिप मुद्दाम नाकारतो. विक्रीच्या पानावर चिपचे नाव कुठेही नव्हते. विक्रेत्याने जुना ड्रायव्हर टाकण्याचा सल्ला देऊन विषय संपवला आणि परतीची मुदत उलटल्याचे कारण पुढे करून पैसे नाकारले, याचा मला अजूनही संताप आहे.

केबल टाकाऊ आहे, असे माझे मत झाले होते. पण लिनक्सवर तीच केबल कोणताही ड्रायव्हर न शोधता चालली. हॅमलिब या रिग-नियंत्रण संचातला आरआयजीसीटीएलडी हा प्रोग्रॅम चालू ठेवला की ४५३२ या पोर्टवरून लॉगर आणि डब्ल्यूएसजेटी-एक्स एकाच वेळी रिगशी बोलतात, त्यामुळे सीरियल पोर्टसाठी दोघांत भांडण होत नाही. तेवढ्यापुरते मी माझे मत मागे घेतो.

खरी काळजी पीटीटीची, म्हणजे प्रक्षेपण चालू-बंद करणाऱ्या संकेताची, आहे. कॅटवरून प्रक्षेपण सुरू केले, तर ते थांबवण्याचा आदेशही याच तारेतून जातो. २० मीटरवर पूर्ण शक्ती देताच आरएफ (प्रक्षेपणाची रेडिओ ऊर्जा) यूएसबीत शिरून पोर्ट तुटला, थांबण्याचा आदेश पोहोचलाच नाही आणि रिग प्रक्षेपणातच अडकला. एफटी८ या डिजिटल पद्धतीत प्रक्षेपणाच्या प्रत्येक १५ सेकंदांच्या पाळीत १२.६ सेकंद अखंड प्रक्षेपण असते. त्यापुढेही रिगच्या फायनल (शेवटच्या, शक्ती देणाऱ्या) ट्रान्झिस्टरांवर असा भार राहणे मला मान्य नाही. केबलच्या दोन्ही टोकांना आरएफ अडवणाऱ्या फेराइटवर वेढे दिले, प्रक्षेपण आपोआप थांबवणारा रिगचा टाइम-आउट टायमर एका मिनिटावर ठेवला आणि पीटीटी डेटा जॅकवरून वेगळ्या इंटरफेसच्या आरटीएसवर (सीरियल पोर्टमधील एका नियंत्रण ओळीवर) नेली. आरटीएसची सोय अशी की इंटरफेसचा यूएसबी संपर्क तुटला तरी त्या ओळीवरचा संकेत सहसा बंद होतो आणि रिग ग्रहणावर परततो. त्यानंतर रिग अडकलेला नाही.

नवीन केबल घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडून चिपचे नाव लेखी मागावे. मी आता थोडे जास्त पैसे देऊन एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीच्या चिपची केबल घेणार आहे, मात्र अधिकृत वितरकाकडूनच, कारण त्या चिपच्याही नकला बाजारात आहेत.