रोजची पाच मिनिटं की रविवारचा तासभर?

परदेशात शिकायला गेलं की घरी फोन करायच्या दोनच तऱ्हा उरतात: रोज 5 मिनिटं, नाहीतर रविवारी निवांत तासभर.

रोजच्या फोनात सांगण्यासारखं फारसं नसतं. "जेवलास?" "हो." "झोप झाली?" "हो." पण सगळी मेख त्या "हो"च्या सुरात असते. आवाज जरा बसला असला की आईला लगेच कळतं. आणि इकडे आपल्याला मागून बाबांचा खोकला ऐकू येतो, जो आपणहून कुणी सांगितला नसता. अडचण वेळेची. 9-10 तासांचा फरक असला की आपली लेक्चरची धावपळ नेमकी त्यांच्या संध्याकाळच्या निवांतपणावर येते. त्यात अनेक देशांत वर्षातून 2 वेळा घड्याळं तासभर पुढेमागे होतात, मग बसलेली घडी मोडते. परीक्षेत एक फोन चुकला तरी तिकडे घोर लागतो.

रविवारच्या फोनात गप्पा रंगतात, फोन भिंतीला टेकवून कपड्यांच्या घड्या घालत. पण आठवडा गाळून सांगितला जातो. मंगळवारी बिघडलेली चाचणी रविवारपर्यंत "ठीक चाललंय" होते. घरचेही तेच करतात म्हणा.

माझं मत विचाराल, तर पहिल्या सत्रात रोजचाच फोन. पुढे ओळखी झाल्या की रविवार पुरतो. मधल्या दिवसांत बसमध्ये बसून पाठवलेला अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज, मागे गाड्यांचा आवाज असलेला. आई तो दोनदा ऐकते.