ऑर्डर नाकारताय की गिऱ्हाईक?

केक, फोटो, डिझाइन असं कस्टम काम करणाऱ्यांसाठी लिहितोय, मनाला न पटणारं काम नाकारता येतं का यावर ब्रिटन आणि अमेरिकेत बरंच रामायण झालंय.

ब्रिटन आधी, कारण तिथला हिशोब मला जास्त सरळ वाटतो. बेलफास्टच्या अ‍ॅशर्स बेकरीकडे २०१४ मध्ये एकाने 'समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या' असं लिहिलेला केक मागितला, आधी ऑर्डर घेतली मग नाही म्हणाले, खालच्या कोर्टांत हरले आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टात पाचही न्यायाधीश त्यांच्या बाजूने. कारण काय तर हाच मजकूर दुसऱ्या कुणी मागितला असता तरी त्यांनी नाहीच म्हटलं असतं, म्हणजे विरोध मजकुराला, माणसाला नाही. पण कॉर्नवॉलमधल्या गेस्टहाऊसवाल्यांनी धर्माचं कारण सांगून समलिंगी जोडप्याला डबल रूम नाकारली, ते २०१३ ला हरले. रूममध्ये कसला आलाय मजकूर!

अमेरिकेत मात्र गुंता आहे. समलिंगी जोडप्याला लग्नाचा केक नाकारणारी कोलोराडो राज्यातली बेकरी, मास्टरपीस केकशॉप, २०१८ ला तिथल्या सुप्रीम कोर्टात ७-२ ने जिंकली म्हणजे सगळ्यांना सूट मिळाली असं लोक बिनधास्त सांगतात, तसं नाहीये, कोलोराडोच्या नागरी हक्क आयोगाने बेकरच्या धर्माबद्दल आकस दाखवला एवढ्यावरच तो निकाल आहे, मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. तो आला २०२३ ला, ३०३ क्रिएटिव्ह या वेबसाइट डिझाइन कंपनीच्या खटल्यात, समलिंगी लग्नांच्या साइट्स बनवायला नकार देता येतो का यावर, आणि कंपनी ६-३ ने जिंकली. वेबसाइट डिझाइन म्हणजे अभिव्यक्ती, त्यामुळे नको तो संदेश बनवायची सक्ती सरकार करू शकत नाही. गंमत म्हणजे त्या डिझायनरने लग्नाच्या साइट्सचं काम सुरूच केलं नव्हतं, आधीच कोर्टात गेली, त्यामुळे खरी ऑर्डर समोर ठेवून रेघ आखलीच गेली नाही. मग फुलं, मेकअप, फोटो अभिव्यक्तीत धरायचे का? समलिंगी जोडप्याच्या सोहळ्याचे फोटो काढायला नकार देणारी न्यू मेक्सिकोतली फोटोग्राफर २०१३ ला हरली होती, आज कदाचित वेगळं झालं असतं. आणि धर्माचं नाव घेऊन कृष्णवर्णीयांना आत बसून जेवू न देणाऱ्या हॉटेलवाल्याचा युक्तिवाद तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९६८ लाच उडवून लावलाय.

माझ्या मते दोन्हीकडे स्वतःला एकच विचारा, डिट्टो हेच काम दुसऱ्या गिऱ्हाइकाला करून दिलं असतं का? हो असेल तर तुम्ही माणूस नाकारताय, सोडून द्या. नाही असेल तर काय छापणार नाही ते आधीच लिहून ठेवा, सगळ्यांना सारखं लावा आणि अ‍ॅडव्हान्स घ्यायच्या आधी सांगा. अमेरिकेत राज्यागणिक कायदा बदलतो, तेवढं वकिलाला विचारून घ्या.