कोड दाबायचा ईपीएबीएक्स की ब्राउझरवरचा आयपी?

नागपूरजवळच्या वाडीतल्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात आधी जुना ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले फोन जोडणारं छोटं एक्सचेंज होतं, आता तेच काम संगणकाच्या नेटवर्कवरून करणारा आयपी पीबीएक्स आहे. दोन्हींचं सेटिंग मी स्वतः केलंय. दहा-पंधरा एक्स्टेन्शनसाठी, म्हणजे ऑफिसच्या आतल्या फोनांसाठी, काय घ्यावं या विचारात असाल, तर माझा अनुभव सांगतो.

जुन्यात लॉगिन म्हणजे ऑपरेटरच्या फोनवरून प्रोग्रामिंगचा कोड आणि पासवर्ड, मग प्रत्येक कामाचा वेगळा आकडा. बरोबर गेलं की एक टोन, चुकलं की दुसरा. सवय झाली की हात भराभर चालतो. शिवाय पुष्कळ मॉडेलांत वीज गेली, यूपीएस संपला, तरी लँडलाइन एका ठरलेल्या साध्या फोनला थेट जोडली जाते. आयपीत हे सुख सहसा नाही. सर्व्हर, राउटर, लॅनच्या तारेतूनच फोनला वीज देणारा पीओई स्विच, सगळ्यांनाच बॅकअप लागतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तेव्हा माळ्यावरचा स्विच आम्हाला खाली आणावा लागला.

तरी जुना मी सोडला तो एका गोष्टीमुळे. त्यात काय बदललं ते ऐकू येतं, पण आत्ता आत काय आहे ते दिसत नाही. एका सोमवारी नाइट मोड, म्हणजे ऑफिस बंद असताना फोन गोदामाकडे वळवणारं सेटिंग, काढायचा राहिला. ०७१२ च्या लँडलाइनवर येणारे बुकिंगचे फोन दुपारपर्यंत गोदामात वाजत राहिले, आणि तिथला चौकीदार तर सकाळीच घरी गेलेला. आम्हाला वाटलं, आज बाजार थंड आहे. एका जुन्या पार्टीनं मोबाइलवर विचारलं, "भाऊ, ऑफिस बंद ठेवलं का?" तेव्हा उलगडलं. मोड काढायचा कोड टेक्निशियनच्या डायरीत, आणि तो बुटीबोरीला. मला ते फार लागलं. किती पार्ट्या दुसरीकडे गेल्या असतील कोण जाणे.

आयपीत ब्राउझरवरून लॉगिन केलं की दिवस-रात्र मोड आणि कोणता फोन रजिस्टर झालाय, म्हणजे सर्व्हरशी जोडला गेलाय, सगळं समोर. नवा फोन जोडायचा तर सर्व्हरचा पत्ता, एक्स्टेन्शन नंबर, पासवर्ड, एवढंच. टेबल बदललं तर फोन उचलून दुसऱ्या लॅन पॉइंटला लावा, नंबर सोबत येतो.

आम्ही आयपी पीबीएक्सचं फ्रीपीबीएक्स हे सॉफ्टवेअर वापरतो. त्यात 'सबमिट' केल्यावर वरचं लाल 'अप्लाय कॉन्फिग' दाबलं नाही तर बदल लागूच होत नाही. पहिल्या आठवड्यात मी दोनदा तिथेच अडकलो. कंपनीचा आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला आणि लॉगिनचं पान इंटरनेटवर उघडं ठेवू नका. चोर घुसला तर परदेशी कॉलचं बिल तुमच्या माथी. गेटवेवरची, म्हणजे लँडलाइन आयपीला जोडणाऱ्या डब्यावरची, लँडलाइन कधीकधी समोरच्यानं फोन ठेवल्यावरही सुटत नाही, तेही बसवतानाच तपासून घ्या.

चार फोनचं दुकान असेल आणि संगणक पाहणारं कुणी नसेल, तर जुनाच बरा, असं मला वाटतं. त्याहून मोठं ऑफिस असेल तर विक्रेत्याला आधी एवढंच म्हणा, नाइट मोड चालू आहे की बंद, हे मला कुठे दिसेल ते दाखवा.