घरच्या वर्कशॉपसाठी ३ एचपी बेल्टवाला कॉम्प्रेसर: टाकी नंतर, आधी पंप बघा

घरी स्प्रे गन किंवा हवेवरचा सँडर चालवायचा असेल तर बिडाचा, दोन सिलेंडरचा, बेल्टवर फिरणारा कॉम्प्रेसर घ्या. टाकी थोडी लहान मिळाली तरी चालेल, पंप लहान नको. मी जुनं फर्निचर दुरुस्त करून त्याला रंग-पॉलिश करते. आधी माझ्याकडे २४ लिटरचं ऑइल-फ्री, म्हणजे पंपात तेल न लागणारं, मशीन होतं, आता ३ एचपी, १५० लिटरचं आहे. या घडणीचे पंप बऱ्याच नावांनी विकले जातात आणि आतून बरेचसे सारखेच असतात, म्हणून हा रिव्ह्यू एका ब्रँडचा न समजता त्या जातीच्या मशीनचा समजा.

जुन्यावर २ एचपी लिहिलेलं होतं, नव्यावर ३. कागदावर फरक दीडपटीचा, पण हवा दुपटीहून जास्त मिळते. हे मोजायला मोबाईलमधलं स्टॉपवॉच पुरतं. टाकी भरायची, हवा सोडत दाब ६ बारच्या (बार हे दाबाचं माप) थोडा खाली आणायचा, पंप सुरू असताना आउटलेट बंद करायचा आणि काटा ६ वरून ८ वर जायला किती वेळ घेतो ते बघायचं. टाकीचे लिटर गुणिले वाढलेले बार, भागिले लागलेली मिनिटं, की झाली तुमच्या पंपाची खरी हवा. माझी टाकी हे अंतर ७० सेकंदांत कापते. म्हणजे ७० सेकंदांत ३०० लिटर, मिनिटाला साधारण २५७ लिटर, म्हणजेच ९ सीएफएम (मिनिटाला ९ घनफूट). पंपावरच्या पट्टीवर मात्र मिनिटाला ३५० लिटर लिहिलंय. तो आकडा पिस्टन किती जागा व्यापतो त्याचा आहे, टाकीत पोचणाऱ्या हवेचा नाही. एका टप्प्यात दाबणाऱ्या पंपाने त्यातली ७० टक्क्यांच्या वर हवा टाकीत पोचवली तर मी त्याला चांगला पंप म्हणेन. भरताना टाकीतली हवा कोमट असते, त्यामुळे या मोजणीत आकडा किंचित जास्त येतो, पण दोन मशीनची तुलना करायला ती अगदी पुरेशी आहे. जुनं मशीन याच मोजणीत ४ सीएफएम देत होतं.

माझ्या एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाच्या) गनला नीट फवारा यायला ९ सीएफएमच्या आसपास हवा लागते. जुन्या मशीनवर टाकी ८ बारवरून ४ वर यायला जेमतेम अर्धं मिनिट लागायचं. कपाटाचं एक दार पुरं होण्याआधी फवाऱ्याचा पंखा आवळायचा, थेंब जाड व्हायचे आणि वाळल्यावर पृष्ठभाग दाणेदार दिसायचा. अशा वेळी पुष्कळ जण जोडीला एक मोठी टाकी लावायचा सल्ला देतात. हिशेब करून बघा. तोच ४ सीएफएमचा पंप १५० लिटरच्या टाकीला लावला तर गन तीन-साडेतीन मिनिटं चालेल खरी, पण मग ती टाकी पुन्हा ४ वरून ८ बारवर न्यायला पंपाला सलग पाच मिनिटांच्या वर धावावं लागेल. ऑइल-फ्री पंप एवढा वेळ सलग चालवण्यासाठी बनवलेलेच नसतात. त्यांना मध्ये मध्ये विश्रांती हवी असते, नाहीतर ओव्हरलोड ट्रिप होतो आणि टेफ्लॉनची रिंग लवकर झिजते.

नव्या पंपाचं खरं मोठेपण त्याच्या संथपणात आहे. जुन्यात पिस्टन थेट मोटरवर होता, म्हणजे मिनिटाला २८०० च्या वर फेरे. इथे मोठी पुली साधारण ८५० फेऱ्यांनी फिरते. तिचे आरे पंख्यासारखे वळवलेले असतात आणि सिलेंडरच्या पंखांवर वारा मारतात, म्हणून फिरण्याची दिशा महत्त्वाची. पुलीवर बाण असतो, पहिल्यांदा सुरू करताना तो बघूनच घ्या. उलट फिरली तरी हवा भरते, पण पंप तापत राहतो. आवाज आहेच, मात्र तो जाड, खालच्या पट्टीतला आहे. शेजारी उभं राहून मोठ्याने बोललं तर ऐकू येतं. जुन्याच्या किंचाळण्यात ते शक्य नव्हतं.

आता पाणी. या विषयावर दुकानात कोणी बोलत नाही, आणि रंगकाम करणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत साधारण २१ ग्रॅम पाण्याची वाफ असते. ती हवा ८ बारवर दाबून पुन्हा ३० अंशांवर आणली की तिच्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास मावते, बाकीचं पाणी होऊन खाली पडतं. माझा पंप तासाला १५ घनमीटर हवा खेचतो. म्हणजे दमट दिवसात सलग तासभर चालला तर पाव लिटरहून जास्त पाणी. पंपातून निघणारी हवा शंभर अंशांच्या वर तापलेली असते, त्यामुळे सगळं पाणी टाकीत पडत नाही. बरंच वाफ म्हणून पुढे जातं आणि थंड नळीत, नाहीतर थेट गनच्या तोंडाशी, थेंब होतं. टाकीच्या आउटलेटलाच पाण्याचा फिल्टर लावला तर तो फार काही पकडत नाही याचं कारण हेच: तिथे हवा अजून गरम असते आणि फिल्टर थेंब पकडतो, वाफ पकडत नाही.

म्हणून मी टाकीपासून भिंतीवर तांब्याचा पाइप वरखाली, वरखाली असा नेला आणि प्रत्येक खालच्या वळणावर छोटा ड्रेन कॉक बसवला. फिल्टर आणि रेग्युलेटर (गनला जाणारा दाब ठरवणारा) त्या पाइपच्या अगदी शेवटी. पहिल्या उभ्या पाइपला हात लावला तर तो कोमट लागतो, शेवटचा खोलीइतकाच थंड. पहिल्या दोन कॉकमधून दर वेळी पाणी निघतं, शेवटच्यातून नुसती हवा. मशीन बदलण्याइतकाच फरक या पाइपने पाडला, आणि पॉलिशवरचे माशाच्या डोळ्यासारखे डाग बंद झाले. टाकी आणि पाइप यांच्यामध्ये जाळीची लवचीक नळी हवीच, नाहीतर थरथरून सांधे ढिले होतात. आणि एक कळकळीची विनंती: हवेसाठी पीव्हीसी पाइप वापरू नका. उष्णतेने आणि वयाने तो ठिसूळ होतो आणि दाबाखाली फुटला की त्याचे धारदार तुकडे उडतात. तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड, काहीही घ्या, पण ते नको.

मशीनसोबत आलेल्या गोष्टींपैकी मला तीन आवडल्या नाहीत. ड्रेन कॉक टाकीच्या पोटाखाली, जमिनीपासून चार बोटांवर, आणि त्याला पिळायची इवलीशी चकती. अशा जागी असलेला कॉक रोज कोण उघडणार? मी तिथे एल्बो, वीतभर पाइप आणि बॉल व्हॉल्व्ह लावला. आता पायाच्या चवड्याने दांडी सरकवली की काम होतं. पाणी साचून टाकी आतून गंजते आणि पत्रा पातळ होतो, बाहेरचा रंग मात्र चकचकीतच राहतो. गंजून भोक पडलेली टाकी वेल्डिंग करून वापरायची नसते, ती बादच करायची. दुसरं, रेग्युलेटर. गन बंद असताना त्याचा दाब हळूहळू चढत राहायचा, म्हणून तो बदलला. तिसरं, पाव इंची नळी आणि ती जोडायचा अरुंद कपलर. पंप कितीही हवा देवो, तिथे ती गुदमरते. तीन अष्टमांश इंची नळी लावल्यावर ट्रिगर दाबताना काटा पूर्वीसारखा कोसळत नाही.

देखभाल फारशी नाही, पण नेमाने करावी लागते. तेल कॉम्प्रेसरचंच घाला, साधारण आयएसओ १०० ग्रेडचं (हा आकडा तेलाच्या दाटपणाचा), किंवा पुस्तिकेत असेल ते. गाडीच्या इंजिन ऑइलमध्ये डिटर्जंट असतं, ते पाणी आणि घाण स्वतःत धरून ठेवतं आणि व्हॉल्व्हच्या पात्यांवर कार्बन चढतो. माझ्या पुस्तिकेत पहिलं तेल ५० तासांनी बदलायला सांगितलंय. ते काढलं तेव्हा राखाडी होतं आणि उन्हात धरल्यावर त्यात धातूची बारीक चमक दिसली. नव्या रिंगा बसताना ती येतेच, म्हणून पहिला बदल लांबवू नये. तेल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय. पंप नेहमी दोन-तीन मिनिटंच चालत असेल तर तो पुरेसा तापत नाही आणि असं होतं. त्याच सुमारास हेडचे बोल्ट पंप थंड असताना एकदा तपासून घेतले. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला की १०-१२ मिलिमीटर दबला पाहिजे. दोन्ही पुल्यांना सरळ पट्टी टेकवून रेषा बघायची. बेल्टच्या जाळीखाली काळी भुकटी दिसू लागली की रेषा हललेली असते.

मोटर थांबल्यावर प्रेशर स्विचजवळून (दाब बघून मोटर चालू-बंद करणारा तो) क्षणभर फुस्स असा आवाज येतो. पंप आणि टाकी यांच्यातल्या नळीतला दाब सुटतो तो, पुढच्या वेळी मोटरला रिकाम्या पंपावर सुरू होता यावं म्हणून. हा आवाज दोन-तीन सेकंदांत थांबला पाहिजे. तो चालूच राहिला तर टाकीच्या तोंडाशी असलेला, हवा मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय. माझ्याकडे मध्यंतरी तसं झालं. वीज तोडली, टाकी पूर्ण रिकामी केली, पितळी टोपण उघडलं. आत एक स्प्रिंग आणि एक चकती, आणि चकतीच्या बसण्याच्या जागेवर मोहरीएवढा कार्बनचा कण. कापडाने पुसून परत बसवलं, आवाज थांबला. नवा स्विच आणायची काही गरज नव्हती. बाकी सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघणं आणि हवेचा फिल्टर झटकणं, एवढंच. लाकडाच्या भुशात काम करणाऱ्यांनी तो झटकत राहावा, कोंदलेल्या फिल्टरने पंप तापतो आणि हवा घटते. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी अधूनमधून ओढून तो मोकळा आहे ना, हे मी न चुकता बघते.

प्रेशर स्विच मोटर बंद करतो ती वरची मर्यादा मी ८ वरून ७ बारवर आणून ठेवली आहे. गनला २ बार पुरतात, आणि दाब एक बारने उतरवला की विजेत साधारण ७ टक्के बचत होते. मशीनला वेगळी लाइन द्या. सुरू होताना मोटर चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढते, आणि लांब, बारीक एक्स्टेंशनवर ती गुरगुरत राहते. लांब जायचं असेल तर वायर वाढवण्यापेक्षा हवेची नळी वाढवा.

सँडर मात्र या मशीनवरही सलग चालत नाही. त्याला १० ते १२ सीएफएम लागतात, म्हणजे काही मिनिटांनी थांबावं लागतं. दिवसभर सँडिंग करणाऱ्यांनी आणखी मोठा पंप बघावा. फक्त ब्रॅड नेलर (बारीक खिळे मारायची गन), टायर आणि धूळ उडवणं एवढंच काम असेल तर यातलं काहीच नको, २४ लिटरचं छोटं मशीन उत्तम आहे. माझं जुनं मी त्याच कामाला ठेवलंय, उचलून कुठेही नेता येतं.