आठ महिने सेवा केंद्र वापरलं, सगळं येऊन अडतंय ते आईच्या अंगठ्यावर

आज परत आईला घेऊन गावातल्या केंद्रात गेलो, परत अंगठा लागला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. आपले सरकार सेवा केंद्रात काय काय मिळतं ते सगळ्यांना माहितीय, ते सांगत बसत नाही. जूनपासून माझ्या पंधरा तरी खेपा झाल्या असतील, सातबारा, आठ अ, उत्पन्नाचा दाखला, पुतणीचं स्कॉलरशिपचं काम.

पहिले दोन-तीन महिने लई खूश होतो. आधी दाखल्यासाठी तालुक्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं, दिवसाचा खाडा, आणि साहेब मीटिंगला गेले असले की दुसऱ्या दिवशी परत तेच. आता कागद दिले की पावती मिळते आणि दाखला गावातच हातात येतो. फक्त सातबाऱ्याचं सांगतो, सरकारी साईटवर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो, आमच्याकडं ५० घेत होते. एकदा विचारल्यावर कमी केले, पण आता मी तो मोबाईलवरच काढतो, ३५ रुपये का सोडायचे?

पण खरं दुखणं अंगठ्याचं. आईनं चाळीस वर्षं उसाचा पाला काढलाय, शेणी थापल्यात, राखेनं भांडी घासल्यात, तिच्या बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत. पीएम किसानच्या ई-केवायसीला, म्हणजे आधारवरनं ओळख पटवायला, मशीन दरवेळी लाल. ओटीपीनं करायचं तर आधारला आण्णांचा जुना नंबर, तो कधीच बंद झाला. नंबर बदलायला आधार केंद्रात जा, तर तिथंही बोटंच मागतात!

सुरुवातीला मला केंद्रातल्या पोराचाच राग आला, वाटलं नीट करतच नाही. मग एक दिवस शेजारी बसून बघितलं तर त्यानं काच पुसली, आईला गरम पाण्यानं हात धुवायला लावले, जरा तेल चोळलं, दहाही बोटं लावून बघितली, मागं रांग थांबली होती तरी कुरकुर नाही. त्याची चूक नव्हती, मी उगाच बोललो होतो त्याला. शेवटी पुतणीनं अंगणात मोबाईलवर पीएम किसानच्या ॲपमधून चेहरा दाखवून पाच मिनिटांत केवायसी केली. ही सोय २०२३ पासून आहे आणि एका शेतकऱ्याला आपल्या मोबाईलवरनं आणखी १०० जणांची करून देता येते, हे केंद्रात कुणालाच माहीत नव्हतं. आता तो पोरगा स्वतः म्हाताऱ्यांची तशी करून देतोय.

आमच्या वारणा पट्ट्यात १९९८ ला ७० गावांसाठी कॉम्प्युटरचे बूथ आणले होते, उसाची नोंद, तोडीची माहिती गावातच मिळावी म्हणून, पुढं तेच काम मोबाईलच्या एसेमेसवर करून बघितलं. तिथं माहिती घ्यायला कुणाचं बोट लागत नव्हतं, शेतकऱ्याची नोंद सापडली की झालं. आता मशीन पार पुढचं आलंय, पण जन्मभर गावात राबलेल्या बाईला ते ओळखत नाही, हे मनाला लागतं.

आजचं म्हणजे हप्त्याचे २००० खात्यात आलेत, केंद्रात आधारवर काढायला गेलो तर परत लाल. पैसे तिचे, खातं तिचं, समोर ती स्वतः उभी, तरी मिळाले नाहीत. आई बाहेर पायरीवर बसून हाताकडं बघत होती, म्हणाली, "माझ्यातच खोट हाय व्हय?" मला काय बोलावं सुचलं नाही.

उद्या पासबुक घेऊन बँकेच्या शाखेत जाणार, एटीएम कार्डाचा फॉर्मपण भरणार. बोटाऐवजी डोळ्याची बुबुळं बघणारं मशीन आधारला चालतं, ते आमच्या केंद्रात घ्यावं म्हणून १ मेच्या ग्रामसभेसाठी अर्ज लिहून ठेवलाय, बारा जणांच्या सह्या झाल्यात, त्यातले चार अंगठे शाईचे. कुणाच्या गावात असलं मशीन असेल तर केवढ्याला पडलं आणि खर्च कुणी केला तेवढं सांगा.