जेटपॅक घ्यावं की सुटे प्लगइन?

जुन्या वर्डप्रेस ब्लॉगवर सोयी वाढवायच्या तर दोन वाटा आहेत. एक, जेटपॅकसारखा सगळं एकत्र देणारा प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं जादा सॉफ्टवेअर. दुसरी, प्रत्येक कामासाठी वेगळा.

जेटपॅक बसवायला सोपा. वर्डप्रेस डॉट कॉमचं खातं जोडलं की वाचकसंख्या, शेअरची बटणं, साइट बंद पडल्याची सूचना, सगळं एकाच ठिकाणी. नको ते मॉड्यूल बंदही करता येतं. पण बॅकअपला पैसे मोजावे लागतात, आणि मला नेमकी तीच गोष्ट सगळ्यात आधी हवी असते.

म्हणून माझा कल सुट्या प्लगइनकडे. अपड्राफ्टप्लसची मोफत आवृत्ती बॅकअप थेट गूगल ड्राइव्हवर टाकते. पहिला बॅकअप झाल्याशिवाय दुसरं काहीही बसवू नका. स्पॅमसाठी अकिस्मेट. साइटमॅपसाठी, म्हणजे शोधयंत्रांना द्यायच्या पानांच्या यादीसाठी, मात्र वेगळं काही लागत नाही, 2020 च्या 5.5 आवृत्तीपासून तो वर्डप्रेसमध्येच आहे.

या वाटेवर निवड आणि देखभाल तुमच्या गळ्यात पडते, हे खरं. प्लगइनच्या पानावर शेवटचा अपडेट कधीचा आहे ते बघाच. कॅशिंगचे, म्हणजे साइट लवकर उघडावी म्हणून पानांची तयार प्रत ठेवणारे, दोन प्लगइन कधीही एकत्र चालवू नका: दोघांनाही बहुधा wp-content मधली advanced-cache.php हीच फाइल हवी असते, आणि साइट कोलमडू शकते. एकावेळी एकच प्लगइन चालू करा, मग मोबाइलवर एखादा जुना लेख उघडून बघा.

देखभालीला अजिबात वेळ नसेल तर जेटपॅकच घ्या, बॅकअपच्या पैशांसकट.